दत्तारामच्या होडीतली चिप

तोंडवलीच्या जितेंद्र केळुसकरचा धंदा गावात कुणाला नीट कळलाच नव्हता. पुण्याच्या एका कंपनीत पंधरा वर्षं सर्किट बोर्ड तपासून तो घरी परतला आणि चाळीस वर्षांपूर्वी असत तसले छोटे संगणक हाताने जोडून विकू लागला. गिऱ्हाइकं देशभरात मिळून दोनेकशे, सगळी हौशी. महिन्याला सात-आठ बोर्ड जात. बायको रसिका ते खोक्यात भरून मालवणच्या पोस्टात नेऊन देई.

खरी अडचण प्रोसेसरची. हौशी माणसाला त्या काळचाच प्रोसेसर हवा असतो, आणि तो आता कुणी बनवत नाही. त्याची नक्कल करणारी नवी चिप तीनशेला मिळे, पण ती घातली की बोर्डाचे साडेतीन हजारही कुणी आनंदाने देत नसे. अस्सल चिप घातली की तोच बोर्ड साडेसहा हजारांना जाई. बाहेरून मागवलेल्या अस्सल चिपांतल्या निम्म्या बनावट निघाल्या, तेव्हा जितेंद्र बंदरावरच्या भंगारवाल्याकडून होड्यांतली पाण्याची खोली मोजणारी जुनी यंत्रं घ्यायला लागला. त्यांच्या पोटात हवी तीच चिप मिळे.

ऑक्टोबरात असंच एक निळ्या रंगाचं यंत्र त्याने खोललं. चिप काढून, घासूनपुसून नव्या बोर्डात बसवली. वीज दिल्यावर छोट्या पडद्यावर ‘नमस्कार’ उमटायला हवं होतं. उमटलं ८.४.

त्याने दुसरी चिप बसवली. नमस्कार. पुन्हा पहिली बसवली. ८.४. प्रोसेसर स्वतः काही लक्षात ठेवत नाही, वीज गेली की तो कोरा होतो, हे जितेंद्रइतकं त्या किनाऱ्यावर कुणाला ठाऊक असणार? तरी आकडा हळूहळू वाढत गेला. दुपारी दहावर पोचला आणि मग उतरू लागला. तिसऱ्या दिवशी त्याने भरती-ओहोटीचं कोष्टक शेजारी ठेवून पाहिलं. वेळा जुळत होत्या.

त्याने पडद्याचा व्हिडिओ काढून हौशी मंडळींच्या गटावर टाकला, कुणीतरी कारण सांगेल म्हणून. कारण कुणी सांगितलं नाही. बंगळुरूच्या एका गिऱ्हाइकाने मात्र फोन करून पन्नास हजार देऊ केले.

“देवन् टाक,” रसिका म्हणाली. “साडेसहा हजारात तुका उरता काय?”

त्याच दिवशी सुगंधाकाकी बांगडे घेऊन आली. शेजारच्याच घरातली, मासे विकून राहणारी बाई. टेबलावर पडलेल्या निळ्या पत्र्यावर तिची नजर गेली आणि टोपली तिने खाली ठेवली.

“ह्यो रंग मिया लावलेलो,” ती म्हणाली. “आमच्या होडयेचा मशीन ता. तुका खंय गावला?”

तिचा नवरा दत्ताराम चार वर्षांपूर्वी वादळात गेला होता. होडी उलटी होऊन आचऱ्याच्या किनाऱ्याला लागली, तो मात्र सापडला नाही. होडीतलं सामान तिच्या दिरानेच भंगारात घातलं होतं.

पडद्यावर तेव्हा ७.९ होतं. जितेंद्रला खोटं बोलता आलं नाही. सुगंधाकाकीने सगळं शांतपणे ऐकलं आणि एवढंच विचारलं, “म्हणजे इतक्या पाण्यात आसा तो?”

“काकी, ता यंत्र आसा. कायतरी बिघाड असतलो.”

“होय रे,” ती म्हणाली, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. मग रोजच. दारातूनच विचारायची, “जितू, आज किती?”

आकडा कमी होत होता. भरती आली तरी आदल्या दिवसाइतका चढत नव्हता. सहा झाले, मग साडेचार. बंगळुरूचा फोन रोज वाजे, आणि रसिका आता पन्नास हजारांचं नाव काढत नव्हती. तिने त्या खोलीत एकटीने जाणंच बंद केलं. जितेंद्रने एकदा वीज काढून घेतली. अर्ध्या तासाने परत दिली तेव्हा आकडा आणखी उतरलेला होता.

चिप बसवल्यापासून पंधराव्या दिवशी, भर दुपारी, ऐन भरतीला पडद्यावर ०.३ आलं. जितेंद्र चप्पल न घालता किनाऱ्यावर धावला. वाळू स्वच्छ होती. दोन होड्या वर ओढलेल्या, माणूस एकही नाही. कुठे काही वाहून आलं नव्हतं.

परत येताना तो सुगंधाकाकीच्या अंगणातून आला. ती पायरीवर बसली होती. आत पान वाढलेलं दिसत होतं, भात आणि माशाची कढी. भातातून वाफ येत होती आणि पानासमोरचा पाट ओला होता.

“इलो तो घराक,” ती म्हणाली. तिचा चेहरा इतका निवांत होता की जितेंद्रला पुढे विचारवेना.

घरी पडद्यावर ‘नमस्कार’ होतं. त्यानंतर आठवडाभर त्याने ती चिप हरतऱ्हेने तपासली. शंभर चिपांसारखी एक, बिनचूक चालणारी. बंगळुरूच्या माणसाला अजूनही ती पन्नास हजारांना हवी होती.

जितेंद्र चिप घेऊन सुगंधाकाकीकडे गेला. “काकी, ही तुझी. तुका व्हयी तर ठेव.”

तिने ती तळहातावर घेतली आणि परत दिली. “माका कित्याक? रिकामी आसा ती आता. विकून टाक.”

त्याने बंगळुरूला स्पष्ट कळवलं की आकडे थांबले आहेत, आता हा साधा बोर्ड आहे, किंमत साडेसहा हजार. गिऱ्हाईक हिरमुसलं, पण घेतला त्याने. होड्यांचं भंगार जितेंद्रने त्या दिवसापासून सोडलं. हल्ली तो तीनशेची नवी चिप घालतो, बोर्ड तीन हजार दोनशेला देतो आणि चिप अस्सल नाही हे खोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहितो. गिऱ्हाइकं निम्मी राहिली आहेत.