पस्तिसाव्या स्टेजवरची कोंबडी

आधी माफी मागतो. कोणाविषयी काही लिहावं एवढा मी मोठा नाही. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजात कोणी गेलेलं नाही. त्यामुळे घरच्यांना वाटतं याला लिहिता येत असणार, आणि कॉलेजातल्यांना वाटतं याला येत नसणार. शिवाय ज्याच्याविषयी लिहायचं तो माझा सख्खा मामा आहे, आणि हे त्याच्या हाती पडलं तर तो मला भाचा म्हणायचं सोडेल. तरी एक गोष्ट छातीवर हात ठेवून सांगतो. शहापूर आणि मुरबाड हे दोन्ही तालुके पालथे घातले तरी माझ्या मामाइतका मन लावून व्हिडिओ गेम खेळणारा, आणि इतकं मन लावूनही हाती काही न लागलेला, दुसरा माणूस सापडणार नाही.

मामा खर्डीला राहतो. भातशेती करतो, आणि शेतीतून वेळ उरला की, खरं तर शेतीतून वेळ काढून, टीव्हीला जोडायचा जुना गेम खेळतो. हा गेम त्याने तरुणपणी शहापूरच्या बाजारातून आणला. दोन रिमोट, एक प्लास्टिकची बंदूक आणि एक पिवळी कॅसेट. कॅसेटवर छापलंय की आत नव्याण्णव लाख नव्याण्णव हजार नऊशे नव्याण्णव गेम आहेत. आत आहेत सात. तेच सात नंबर बदलून पुन्हा पुन्हा येतात, हे बालवाडीतल्या पोरालाही पाच मिनिटांत कळतं. मामाला इतक्या वर्षांत कळलेलं नाही. मी एकदा भीत भीत सांगितलं तर म्हणाला, "सारखे कसे? ही चाळीस नंबरच्या गेममधली बदकं नीट बघ. जरा लंगडी उडतात."

कॅसेट लावण्याआधी तिच्यात फुंकर मारतात हे सगळ्यांनाच माहीत आहे. मामा आधी अंगणात जाऊन चूळ भरून येतो. तंबाखूच्या तोंडाने फुंकर मारली तर गेममधले रणगाडे आळसावतात, असं त्याचं म्हणणं. मामीने हट्टाने भिंतीवर लावायचा पातळ टीव्ही घेतला, तर मामाने जुना डब्यासारखा टीव्ही फेकू दिला नाही, कारण "पाठीला जागाच नाय, तर रणगाडे राहतील कुठं?" बदकांच्या गेममध्ये नेम चुकला की गवतातून एक कुत्रा वर येऊन हसतो. तो गेम लावायच्या आधी मामा घरचा कुत्रा बाहेर काढून दार लावतो. त्याला तसली सवय लागू नये म्हणून.

पण मामाचा खरा जीव रणगाड्यांच्या गेममध्ये. पडद्याच्या खालच्या बाजूला, विटांच्या कुंपणात एक पक्षी बसलेला असतो. वरून शत्रूचे रणगाडे येतात. आपण आपला रणगाडा चालवून त्यांना उडवायचं आणि पक्ष्याला वाचवायचं. पक्षी मेला की खेळ संपला. दोघांना जोडीने खेळता येतं. तो पक्षी गरुड आहे हे मला कॉलेजात आल्यावर समजलं. खर्डीत त्याला पहिल्या दिवसापासून कोंबडी म्हणतात. मी मामाची चूक दुरुस्त करायला गेलो, तेव्हा त्याने माझ्याकडे फार दयेने पाहिलं. "गरुडाला कोन राखतं रे? राखावी लागते ती कोंबडीच."

जगातला प्रत्येक माणूस मामा या कोंबडीवरून जोखतो. एकदा निवडणुकीला उभा असलेला एक पुढारी मतं मागायला आला. विकासावर पुष्कळ बोलला. मामाने शांतपणे विचारलं, "ते ठीक हाय, पन कोंबडी कोन राखनार?" पुढाऱ्याला वाटलं, या घराचा भाव ठरला. संध्याकाळी त्याचा माणूस एक जिवंत कोंबडी देऊन गेला. मामाने त्याला मत दिलं नाही आणि कोंबडी परतही केली नाही. ती अजून अंडी घालते. तिला कापायचा प्रश्नच नव्हता, कारण मामा कोंबडी खात नाही. सुकट खातो, खेकडे खातो, बोकड तर विचारू नका. फक्त कोंबडी नाही. हे व्रत का, ते सांगायचं तर माझ्या बाबांची गोष्ट सांगावी लागेल.

माझी ताई चार महिन्यांची होती. आई बाळंतपणाला खर्डीला माहेरी आलेली, आणि मायलेकींना मुरबाडकडे आमच्या गावी न्यायला बाबा आले होते. निघण्याआधी एक डाव, म्हणून मेहुणे-दाजी सकाळी टीव्हीसमोर बसले. तेव्हा खर्डीची लाईट तास-दीड तासापेक्षा जास्त टिकत नसे, आणि लाईट गेली की पुन्हा पहिल्या स्टेजपासून सुरुवात. सुरुवातीलाच हवी ती स्टेज निवडायची सोय गेममध्ये आहे, पण मामा ती वापरत नाही. "मधीच चढायला ही काय एसटी हाय?" त्यामुळे खर्डीत कोणी विसाव्या स्टेजच्या पुढे गेलेलं नव्हतं. बाजारातल्या दुकानदाराने मामाला सांगून ठेवलं होतं की पस्तिसावी स्टेज पार केली की कोंबडी विटांतून उठते आणि उडून जाते. मामाला ते एकदा पाहायचं होतं.

त्या दिवशी लाईट गेलीच नाही. वीस झाल्या, तीस झाल्या. जेवणाची ताटं वाढून गार झाली. पस्तिसाव्या स्टेजवर शत्रूचे दोनच रणगाडे उरले, आणि पाठीमागे ताई रडली. बाबा वळले. त्यांच्या रणगाड्याचं तोंड खाली होतं. अंगठा दाबला गेला आणि गोळी सरळ आपल्याच कोंबडीला लागली.

मामाने म्हणे रिमोट खाली ठेवला. मग म्हणाला, "दाजी, तुमी आपलीच कोंबडी मारली."

"पोर रडली म्हनून वळलो रे."

"पोर काय, परत रडली असती. पस्तीस परत येनार हाय का?"

"माझ्या पोरीपेक्षा तुझी कोंबडी मोठी झाली काय?" एवढं बोलून बाबा न जेवता उठले.

मामाने कोंबडी खाणं सोडलं ते त्याच दिवशी. त्यानंतर बाबा कधी खर्डीला गेले नाहीत आणि मामा आमच्याकडे आला नाही. आई माहेरी एकटी जाते. नात्यातल्या लग्नांत हे दोघे एकाच पंगतीत एकमेकांकडे पाठ करून बसतात, आणि मध्ये आई दोघांना आग्रह करत फिरते. भाऊबंदकीत बांधावरून डोकी फुटतात हे मी पाहिलं आहे. निदान बांध दिसतो तरी. आमच्याकडे दोन कर्ती माणसं टीव्हीतल्या एका ठिपक्यावरून बोलेनाशी झाली, आणि दोघांनाही त्यात आपण ताठ राहिलो याचा अभिमान.

आता ताईचं लग्न ठरलं. आमच्यात नवरीला बोहल्यावर मामाच घेऊन येतो. आई निमंत्रण घेऊन गेली तर मामा म्हणाला, "भाचीसाठी रस्त्यापर्यंत येईन गो. मांडवात पाय ठेवनार नाय." बाबा म्हणाले, "नको येऊ दे. चुलत मामा उभा करू." हे ऐकून ताई म्हणाली, "मग माझ्या जागी चुलत नवरी पण उभी करा." आणि आत जाऊन बसली. मामा हात धरायला आला नाही तर ती लग्नाच्या दिवशी बाहेर येणार नव्हती. ती बोलते ते करते.

मी शहापूरला कंप्युटरचं शिक्षण घेतो. घरच्या भांडणात मला कोणी विचारत नाही, आणि विचारलं तरी मला चटकन बोलता येत नाही. पण माझ्या खोलीतल्या मित्राच्या मोबाइलवर तोच जुना गेम होता. पस्तीसच्या पुढे काय आहे ते आपण बघावं, असं मनात आलं. मामाच्या नियमाने, पहिल्यापासून. पुष्कळ तास बुडवले, प्रॅक्टिकलला बोलणी खाल्ली. शेवटी एका दुपारी पस्तिसावी स्टेज पार झाली. पडदा काळा झाला. आणि समोर पुन्हा पहिली स्टेज आली. त्याच विटा, तीच कोंबडी, जागच्या जागी.

रविवारी खर्डी गाठली. मामा फडक्याने रिमोट पुसत होता. दोन्ही पुसत होता, हे मला तेव्हा दिसलं. दुसरा इतकी वर्षं कोणी हातात घेतलेला नाही.

"मामा, मी पस्तीस पार केली."

त्याचा हात थांबला. "उडाली?"

"नाय. परत एक नंबर येतो."

"आनि कोंबडी?"

"तिथंच."

मामा उठला. "चार बुकं शिकला म्हनून कायपन सांगशील काय रे? नीघ." चहासुद्धा झाला नाही. मामी वाटेपर्यंत पोहोचवायला आली. परतताना मला वाटलं, मीही भलत्याच वेळी वळलो आणि माझाही अंगठा दाबला गेला. त्या माणसाला एकदा बघायची अशी एकच गोष्ट उरली होती, आणि ती मी खरं बोलण्याच्या हौसेने मारली.

लग्नाला आठ दिवस राहिले. काल दुपारी मी कॉलेजात असताना आईचा फोन आला. आवाज अगदी दबका.

"अरे, तुझा मामा आलाय."

"लग्नाचं काय बोलला?"

"कायच नाय. सकाळीच आला, टेम्पोत त्याचा तो डबडा टीव्ही घालून. दारातच तुझ्या बाबांना म्हनला, 'दाजी, पस्तीस झाल्या की परत एक येतो म्हनं.' हे म्हनले, 'कोन सांगतं?' तो म्हनला, 'भाचा.' मंग दोघांनी मिळून टीव्ही आत घेतला. तेव्हापासून बसलेत. सत्तावीस झाल्या म्हनं. बोलत नायत काय. मधीच तो म्हनतो, 'दाजी, कोंबडी सांभाळा,' आनि हे म्हनतात, 'हो.'"

मी विचारलं, "आणि ताई?"

"ती मागंच बसलीय त्यांच्या. डोळ्याला धार लागलीय. मी म्हटलं, गो, आता कशाला रडतेस? तर तोंडात ओढणी धरून मलाच म्हनते, हळू बोल आई, बाबा वळतील."