मागचा आधी सरकतो

“सर, हत्ती उचला. मागं वाटच नाही त्याले.”

“वाट कशी नाही, देवराम? मागं माझ्याच बैलगाड्या उभ्या आहेत. आपलीच माणसं आपल्याला अडवतात का?”

“लग्नाच्या पंगतीत जाऊन पाहा एकदा.”

श्रीकांत सर हसले, पण हत्तीवरचा हात काही काढला नाही. शनवारा मोहल्ल्यातल्या त्यांच्या घराच्या ओट्यावर असीरगडच्या वेढ्याचा पट मांडलेला होता. हा खेळ पुण्याहून त्यांच्या मुलानं, रोहितनं पाठवलेला. नियमांचं पुस्तक इंग्रजीत, म्हणून सरांनी ते सगळं मराठीत वहीत उतरवून काढलं होतं. बादशाही फौज सरांची, गड देवरामचा.

देवराम जवळच्या निंबोला गावचा. ट्रॅक्टरनं केळी वाहणारा. दर रविवारी सकाळची खेप मंडीत टाकायची, रिकामी ट्रॉली सरांच्या गल्लीत उभी करायची आणि दोन तास गड राखायचा. अकरा रविवार झाले, गड पडतच होता. हरणाऱ्यानं मावा जिलबी आणायची असा करार होता. आता तर हलवाई देवरामला लांबून पाहूनच पुडा बांधायला घ्यायचा आणि विचारायचा, “आज भी गया क्या किल्ला?”

आज मात्र देवरामनं दरवाजावरचे घोडेस्वारसुद्धा बाहेर काढून सरांच्या हत्तींवर घातले होते आणि हत्ती हरवलेही होते. वहीत लिहिलं होतं, हरलेल्या तुकडीनं आपल्या छावणीकडं दोन घरं मागं जावं, वाट नसेल तर पटावरून उचलावी. मागं आपलीच तुकडी उभी असेल तर काय, यावर वही गप्प होती. हत्ती उचलले की गड वाचत होता.

अशा वेळी फैसला देवरामचा, हे ठरलेलं. कारण एकच. त्या बोळासारख्या गल्लीतून ट्रॉली एका दमात रिवर्स काढणारा दुसरा माणूस सरांनी पाहिला नव्हता. ट्रॉली डावीकडं न्यायची तर ट्रॅक्टरचं तोंड उजवीकडं वळवायचं, हे ज्याच्या हाताला कळतं त्याला माघार कळते, असं सरांचं म्हणणं. वहीच्या मागच्या पानांवर त्याचे चार फैसले होते. त्यातला पहिला असा: मार खाऊन मागं हटणं वेगळं, मार बसायच्या आधी निघून जाणं वेगळं, पहिल्याची पुढची खेळी जाते, दुसऱ्याची जात नाही.

सरांनी वही त्याच्याकडं सरकवली. पेनही दिलं.

देवरामनं टोपण काढलं, परत लावलं. उत्तर त्याला सकाळीच मिळालं होतं, तीच पंचाईत होती. निंबोल्यात खेप भरायला जाताना कालव्याच्या बांधावर समोरून भरलेली ट्रॉली आली. भरलेल्यानं थांबायचं, रिकाम्यानं मागं जायचं, ही तिथली रीत. पण देवरामच्या मागं अजून दोन रिकाम्या ट्रॉल्या होत्या. त्यानं उभं राहून हाळी दिली, “मागच्या, तू आधी सरक!” शेवटचा सरकला, मग मधला, मग देवराम. कोणाची ट्रॉली कोणी कालव्यात ढकलली नाही.

हे विसरता येईल का, ते त्यानं जरा करून पाहिलं. बैलगाड्यांच्या मागं नदी असती तर बरं झालं असतं. पण मागं दोन घरं चांगली मोकळी दिसत होती.

“लिहू का मी?” सर म्हणाले.

“थांबा ना. मले लिहिता येते.” त्यानं लिहिलं, मागचा आधी सरकतो, मग पुढचा. जागा असेतोवर कोणी मरत नाही.

सरांनी बैलगाड्या दोन घरं मागं घेतल्या, मग हत्ती. पहिल्या फैसल्याप्रमाणं एक खेळी हत्ती नुसते उभे राहिले. देवरामचे स्वार पार मैदानात गेलेले, ते काही वेळेत परतेनात. पुढच्या खेळीत हत्ती उघड्या दरवाजातून आत गेले.

सरांच्या पत्नी पूर्णिमावहिनी चहाचे कप न्यायला आल्या. “पेन तं तुमच्याच हातात होतं, भाऊजी.”

“हौ वहिनी. पन पुढच्या रविवारी माह्या स्वारांमागं माह्याच तुकड्या उभ्या राहतीन, तवा सरच हेच पान काढतीन. नाही काढलं तं मी काढतो.”

“म्हणजे पुढच्या रविवारी माघार घ्यायची पाळी तुझी तर,” सर म्हणाले.

“तुमची. जिलबी सांजच्याले आनतो. तिकडं घड कापून पडेल आहेत, ऊन लागलं तं शेटजी मलेच सोलीन.”

त्यानं चप्पल चढवली, ट्रॅक्टर चालू केला. मागं एक स्कूटरवाला गल्लीतच गाडी लावून फोनवर बोलत होता. देवराम मान वळवून म्हणाला, “भाऊ, तू आधी सरक.” तो सरकला. मग ट्रॅक्टरचं तोंड उजवीकडं, ट्रॉलीचं शेपूट डावीकडं, एका दमात बाहेर, आणि निंबोल्याच्या रस्त्याला.