रोज संध्याकाळी मरणारे साडू

मरण्याच्या बाबतीत माझ्या थोरल्या साडूंचा हात धरणारा माणूस अख्ख्या तंजावुरात सापडला नसता. बँकांतली माणसं कमी करायची टूम निघाली तेव्हा त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली, आणि रोज दुपार कलली की राजवाड्यामागच्या ब्राउझिंग सेंटरमध्ये जाऊन बसू लागले. तिथं संगणकाच्या पडद्यावर त्यांचा एक भालाईत होता. कुठकुठल्या मुलखांतल्या खेळाडूंबरोबर तो राक्षस मारत हिंडायचा आणि पुरेसे गुण साठले की एक पायरी वर चढायचा. म्हणजे चढायला हवा होता. पण चढायची वेळ आली की साडू त्याला नेमके एखाद्या राक्षसाच्या तोंडी देत. मेलं की गुण कापले जात. ते कापले गेले की साडू चष्मा पुसत समाधानानं उठत आणि थेट माझ्या घरी येत. मी ऑफिसातून बसमध्ये उभ्यानं आलेला, पाय बोलत असलेले. कॉफीचा पेला तोंडाला लावतो न लावतो तोच यांचं प्रवचन सुरू.

प्रवचनाचा विषय एकच. माणूस ज्या पायरीवर असतो तेवढंच त्याचं डोकं चालतं. नवा खेळाडू विचारतो, मला कोण मारतंय? मुरलेला विचारतो, मी कुणाला मारू? आणि पार वर पोचलेला विचारतो, मारायचं कशाला? हा सिद्धांत त्यांनी पडद्यापुरता ठेवला असता तर माझी काही तक्रार नव्हती. पण मंडईत मी वांगी निवडत असताना मागे उभं राहून ते सांगत, की मी पहिल्या पायरीवरचा, कारण मी वांग्याकडे बघतो. मुरलेलं गिऱ्हाईक वांगीवालीच्या चेहऱ्याकडे बघतं. एकदा मी खरंच तिच्या चेहऱ्याकडे बघून वांगी घेतली. सगळी किडकी निघाली, आणि पुढचं प्रवचन बायकोनं केलं.

शेवटी वैतागून मी विचारलं, की एवढं ज्ञान आहे तर स्वतः का चढत नाही? तेव्हा कळलं, की त्या खेळात दोघांच्या पायऱ्यांत फार अंतर पडलं तर त्यांना एका टोळीत राहता येत नाही. आणि साडूंचा जोडीदार होता त्यांचा बँकेतला दोस्त. दोघं कारकून म्हणून बरोबरच लागलेले, वर्षानुवर्षं एकमेकांचे डबे खाल्लेले. दोस्तानं ऑफिसरची परीक्षा दिली आणि त्याची बदली भोपाळला झाली. साडूंनी तंजावूर सुटेल म्हणून परीक्षाच दिली नाही. पुढे दोस्त एकदा तपासणीला आला, तर त्याचं पान मॅनेजरच्या केबिनमध्ये मांडलं गेलं. साडू बाहेर डबा उघडून बसून राहिले. आता तोही निवृत्त होऊन भोपाळहून खेळत होता, पण खेळात अगदीच मंद. अजून 'मला कोण मारतंय'मध्येच अडकलेला.

"बँकेंत तेनं वर होता, मी खालीं," साडू म्हणाले. आमच्या तंजावुरी मराठीत 'तेनं' म्हणजे 'तो'. "आतां मी थांबतों. मला काय घाई आहे?"

त्यानंतर त्यांच्या प्रवचनाचा मला कंटाळा आला तरी राग येईना.

मग दोस्त दिसेनासा झाला. साडूंनी फोन लावला तेव्हा त्याच्या मुलानं सांगितलं, की अप्पांची नजर गेली, आता पडद्यापुढे बसणं व्हायचं नाही. साडूंनी हे मला एकदाच सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळी सेंटरमध्ये गेले.

एका संध्याकाळी साडूंच्या बायकोनं, म्हणजे अक्कांनी, त्यांना बोलवायला मला पाठवलं. भालाईत वेशीपाशी एकटाच उभा होता, आणखी एक राक्षस मारला की वर चढणार होता. मी म्हणालो, आता चढा की, आता कुणासाठी थांबायचं? साडूंनी हळूहळू त्याला राक्षसापाशी नेलं आणि भाला खाली ठेवला.

"तेनं आला, आणि मी वर निघून गेलेला असलों," ते म्हणाले, "तर तेनं कुणाजवळ बसंल?"

राक्षसानं आपलं काम केलं. साडूंनी चष्मा पुसला, नेहमीपेक्षा बराच वेळ पुसला. मला फार वाईट वाटलं. घरापर्यंत आम्ही बरोबर चाललो. ते काहीतरी सांगतील, निदान माझी पायरी काढतील, म्हणून मी दारापर्यंत वाट बघत राहिलो.