रेडिओची तोंडी परीक्षा

माझ्या बहिणीच्या मुलीला आम्ही घरात रेडिओ म्हणतो. अभ्यास म्हणजे खोलीभर येरझाऱ्या आणि मोठमोठ्यानं घोकणं, दुसरी पद्धत तिला ठाऊकच नाही. ती पुस्तकातले स्वल्पविरामसुद्धा पाठ करते, असं तिचे बाबा म्हणतात, आणि त्यात फारसं खोटं नाही.

तर हा रेडिओ कॉलेजतर्फे सहा महिने परदेशी विद्यापीठात शिकायला गेला. तिथले मार्क इथे धरणार. पण पाणीपुरवठ्याच्या विषयात गचकली, तर इथलं अख्खं वर्ष परत. हे तिनं मला फोनवर वीसदा तरी ऐकवलं असेल.

तिथल्या होस्टेलच्या भिंती पातळ. पहिल्याच आठवड्यात शेजारणीनं दारावर चिठ्ठी डकवली, कृपया मनात वाचा. मनात वाचलं तर बाईसाहेबांच्या डोक्यात काही शिरत नाही. मग तिनं तळघरातली कपडे धुण्याची खोली गाठली. मशीनच्या घरघरीत कोण तक्रार करणार? रोज तिथे बसून मला व्हिडिओ कॉल लावायची.

"मावशी, नुसतं ऐक. समजलं नाही तरी चालेल."

"तसं तर मी तुझ्या काकांचंही ऐकते. मला एवढं सांग, आमच्या चौथ्या मजल्यावर सकाळी पाणी का चढत नाही?"

"ते अभ्यासक्रमात नाहीये गं."

"नळात तरी कुठे आहे?"

चिडायची, पण कागदावर आमची बिल्डिंग काढून समजवायची. मला पटेना, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा. असे तीन दिवस गेले.

परीक्षा तोंडी होती. सरांनी बस म्हटलं तरी ही हात मागे बांधून उभीच. पाण्याच्या दाबावर प्रश्न आला आणि रेडिओ लागला. तिसऱ्या परिच्छेदाला सरांनी हात वर केला.

"हे पुस्तक मीच लिहिलंय. त्यात काय आहे ते मला माहीत आहे. तुला काय समजलं ते सांग."

रेडिओ बंद.

"किती वेळ गप्प होतीस?" मी नंतर विचारलं.

"सरांचं पाणी पिऊन झालं, चष्मा पुसून झाला, तरी."

शेवटी खुर्चीत बसली आणि कागद मागून घेतला. म्हणाली, "माझ्या मावशीकडे सकाळी पाणी येत नाही." सरांनी विचारलं, मजले किती, एका वेळी नळ किती जण सोडतात, पाइप केवढा? पाइपचं माहीत नाही, असं तिनं सरळ सांगून टाकलं. मग सरांनीही पेन्सिल उचलली, आणि दोघं वीस मिनिटं आमच्या बिल्डिंगमध्ये पाणी चढवत बसले.

दहापैकी सात पडले. वर्ष वाचलं. तिची आई फोनवर रडली, आणि ही कुरकुरत होती.

"सात म्हणजे सत्तर टक्के, मावशी. मला कधी सत्तर पडलेत का?"

"मग कळवू का कॉलेजला, पोरीला वर्ष परत करायचंय म्हणून?"

"तू गप्प बस हं."

पण हसत होती. त्याच आठवड्यात तिनं पुढच्या वर्षाचे विषय निवडले, आणि तोंडी परीक्षा कुठल्या विषयाला आहे ते शोधून सगळ्यात आधी तेच घेतले.