बुरुजाखालचा तुकडा

कुवेतच्या जाब्रिया भागातल्या त्या सहा मजली इमारतीची लिफ्ट अगदी उत्तम चालत होती, आणि तरीही नीलाताई रोज संध्याकाळी जिना चढत होत्या. इमारतीचा हारिस, म्हणजे राखणदारीपासून नळदुरुस्तीपर्यंत सगळं बघणारा नझीर, पहिल्याच दिवशी धावत आला.

“भाभीजी, लिफ्ट चालू है.”

“मालूम है, नझीरभाई. हम लोग इटली जा रहे हैं.”

नझीरनं वर जिन्याकडे पाहिलं, मग नीलाताईंच्या नव्या बुटांकडे. “यहाँ से?”

पहिल्या वळणावर पाण्याची बाटली घेऊन उभे असलेले त्यांचे यजमान लक्ष्मीकांतराव इतके हसले, की पाणी त्यांच्या सदऱ्यावर सांडलं.

पण दुसरं करणार काय? कुवेत म्हणजे परातीसारखा सपाट मुलुख. चढ म्हणावा तर उड्डाणपुलाचा. त्यात जून महिना. बाहेर पाऊल टाकलं की तव्यावर टाकल्यासारखं. तेव्हा तालीम जिन्यातच. आणि नीलाताईंना तालमीचं काही नवं नव्हतं.

नीलाताई मूळच्या परभणीच्या. जाब्रियातल्या एका दवाखान्यात प्रयोगशाळेत रक्त काढायचं काम. माणसाचं नाव विसरतील, पण हातावरची शीर ओळखतील. हे झालं पोटासाठी. जीव मात्र मराठी मंडळाच्या नाटकात. लक्ष्मीकांतराव कुवेत सिटीतल्या एका कंपनीत हिशेब बघायचे आणि मंडळाच्या नाटकांत विंगेत बसून प्रॉम्प्टिंग करायचे. स्वतः कधी स्टेजवर पाऊल टाकलं नाही. पण त्यांची कुजबुज अशी, की नटाला कळावी आणि पहिल्या रांगेला पत्ता लागू नये. एका ऐतिहासिक नाटकात नीलाताई परराज्यातून आलेली वकील झाल्या होत्या. सिंहासनाला पाठ न दाखवता, मुजरा करत उलट्या पावली दरबारातून बाहेर पडायचं, आणि वाटेत चौथऱ्याच्या पायऱ्या. अंगावर नऊवारी. विंगेतून आवाज यायचा, “पायरी... आणखी एक... सपाट.” नीलाताईंनी एकाही प्रयोगात खाली पाहिलं नाही.

आता इटलीचं. करोनाची संचारबंदी लागली, तेव्हा घरात एक पिशवी निघाली. फ्रायडे मार्केटच्या जुन्या बाजारातून कधीतरी आणलेलं, तुकडे जुळवायचं चित्राचं कोडं. खोकं नाही, वरचं चित्र नाही. काय बनणार हेच ठाऊक नाही. जेवणाच्या टेबलावर दोघं जुळवत बसले. आधी समुद्र आला. मग एकमेकांच्या खांद्यावर चढून बसल्यासारखी गुलाबी, पिवळी, शेंदरी घरं. त्यांतून वर वर जाणारा दगडी जिना, आणि डोक्यावर बुरूज. शेवटी एक तुकडा कमी पडला. नेमका जिना संपतो तिथला, बुरुजाच्या पायाशी.

“तिथं दार असणार,” नीलाताई म्हणाल्या. “एवढा जिना बांधलाय तो कुणाच्या तरी एन्ट्रीसाठीच ना?”

“तोफ असेल. समुद्रावर रोखलेली.”

“दार.”

“अगं, तोफ.”

हा वाद चार-पाच वर्षं चालला. बार्सिलोनात नोकरीला असलेल्या त्यांच्या मुलीनं, ओवीनं, फोटो मागवून गावाचं नाव शोधून काढलं: तोर्रेबियांका. चाच्यांची गलबतं दिसली की बुरुजावर जाळ पेटवत, अशी त्याची कथा. “आई, इंटरनेटवर फोटो आहेत. जस्ट सी इट,” ती म्हणाली.

“खबरदार पाठवलास तर,” नीलाताईंनी सांगितलं. “मी जाऊन बघणार.”

पण गुडघे. उजवा बदलून झाला होता, डाव्याची पाळी आली होती. डॉक्टर म्हणाले, आधी ऑपरेशन. नीलाताई म्हणाल्या, आधी गाव. तो जिना अर्ध्यावर सोडावा लागला, तर मग पुन्हा कधी जाणं होणार? तळमजल्यावरची योगिनी फिजिओथेरपिस्ट. तिनं व्यायाम आखून दिला आणि बजावलं, “काकू, चढा हळूहळू. खाली मात्र लिफ्टनं यायचं. उतरताना गुडघ्यावर भार जास्त येतो.”

नीलाताईंनी हे तंतोतंत पाळलं. केरळी शेजाऱ्यांची माशाची आमटी ओलांडून, इजिप्शियन कुटुंबाच्या चपलांचा ढीग ओलांडून, रोज गच्चीपर्यंत. मग लिफ्टनं खाली. लक्ष्मीकांतराव प्रत्येक वळणावर पाणी घेऊन. ऑक्टोबरपर्यंत त्या बोलत बोलत चढू लागल्या.

आणि मग ती सकाळ. होडीनं खडकाचं टोक ओलांडलं आणि पडदा वर गेल्यासारखं अख्खं गाव समोर उभं राहिलं. नीलाताईंनी नवऱ्याचा दंड धरला.

“अहो, ते हिरव्या खिडकीचं घर बघा. तुम्ही उलटं बसवलं होतं ते.”

“आणि ती बोट तू आभाळात लावली होतीस.”

धक्क्यावर उतरल्यावर कॉफी प्यायलाही त्या थांबल्या नाहीत. जिना चित्रात होता त्याहून उभा निघाला. दगड शेकडो वर्षांच्या पावलांनी मधोमध झिजलेले. दोन्ही बाजूंना तुळशीसारख्या वासाच्या कुंड्या, खिडकीत वाळणारे पायजमे, आतून भांड्यांचे आवाज. नीलाताई चढत होत्या. अधूनमधून थांबत, भिंतीला हात लावत, पण चढत होत्या. डावा गुडघा कुरकुरला की म्हणत, “हे काहीच नाही, आमच्या चौथ्या मजल्यावर याहून जास्त दुखतं.” शेवटच्या वळणावर त्यांनी लक्ष्मीकांतरावांना मागे ठेवलं. “मी आधी बघणार.”

वरून हसू ऐकू आलं, अगदी पोटातून.

दार नव्हतं. तोफ नव्हती. बुरुजाला टेकून एक दगडी बाकडं होतं.

“एवढी वर्षं भांडलो,” नीलाताई डोळे पुसत म्हणाल्या, “आणि निघालं काय, तर म्हाताऱ्यांना टेकायची सोय.” त्या ऐसपैस बसल्या. खाली निळा समुद्र चमचमत होता. लक्ष्मीकांतराव फोटो काढायला मागे सरले. “फोटो राहू द्या. इथं या, बसा.” ते बसले. घरून बांधून आणलेल्या गुळाच्या दशम्या दोघांनी तिथंच खाल्ल्या.

मग उठून नीलाताईंनी खाली पाय टाकला, आणि थांबल्या. डावा गुडघा वाकताना असा काही कळवळला, की त्यांनी भिंत धरली. दुसऱ्यांदा प्रयत्न केला. तेच.

“अहो,” त्या हळूच म्हणाल्या, “उतरायची तालीम आपण केलीच नाही.”

खरंच की. महिनोन्‌महिने चढणं झालं, आणि या गावाला लिफ्ट नव्हती. लक्ष्मीकांतरावांनी खाली वळत गेलेला जिना पाहिला. परतीची होडी दुपारची. ते दोन पायऱ्या खाली उतरले, एक हात भिंतीला लावला, दुसरा नीलाताईंच्या पाठीशी धरला.

“दरबारातून कशी निघायचीस?”

नीलाताईंना लगेच उमगलं. त्यांनी बुरुजाकडे तोंड केलं, समुद्राला पाठ केली, आणि उलटं पाऊल खाली सोडलं. डाव्या गुडघ्याला फारसं वाकावंच लागलं नाही. मागून ती ओळखीची कुजबुज आली.

“पायरी... आणखी एक... सपाट.”

त्या खाली बघत नव्हत्या. समोर बुरूज लहान होत गेला, शेंदरी घर आलं, हिरवी खिडकी आली, चित्र एकेका तुकड्यानं पुन्हा जुळत गेलं. भाजीची पिशवी घेऊन वर येणाऱ्या एका आजीबाई भिंतीला चिकटून उभ्या राहिल्या आणि हे उलट्या वरातीसारखं प्रकरण कौतुकानं बघू लागल्या. नीलाताईंनी त्यांनाही एक मुजरा केला. आजीबाईंनी मान तुकवून तो स्वीकारला.

“सपाट. आता धक्काच,” शेवटी मागून आवाज आला.

होडीत बसल्यावर लक्ष्मीकांतरावांनी रुमालानं मान पुसली. “घरी गेलो की पुठ्ठ्याचा तुकडा कापतो. बाकडं रंगवून त्या जागी बसवू.”

“आणि बाकड्यावर?”

“तू.”

“आणि तुम्ही परत विंगेत? काही नाही. दोघांना बसवा. एकदा तरी या की स्टेजवर.”

लक्ष्मीकांतरावांनी गावाकडे पाहिलं, मग घसा खाकरला. “संवाद असतील का मला?”

“असू द्या की. मी प्रॉम्प्ट करते.”