जुन्या आजाराचा रकाना

आमचे व्याही रविवारी सकाळी गंगाखेडहून रेल्वेने आले ते बगलेत फाईल धरूनच. सोबत विहीणबाई आणि त्यांच्या हातात धपाट्यांचा डबा. उभा जन्म साखर कारखान्याच्या कचेरीत काढलेला हा माणूस, छापील फॉर्म दिसला की त्यांना चेव येतो. मे महिन्यात आम्ही चौघं आणि लेक-जावई असे सहाजण दहा दिवस इटली आणि ग्रीसला जाणार होतो. तिकिटं निघाली होती. व्हिसाच्या कागदांत प्रवास विमा लागतोच, म्हणून जावयांनी पुण्याहून फोन करून तो निवडायचं काम आपल्या वडिलांवर सोपवलं, आणि वडिलांनी ते घरातलं कार्य असल्यासारखं अंगावर घेतलं. विमा सगळ्यांचा एकाच कंपनीचा घ्यायचा आणि फॉर्म परभणीत आमच्या घरी, समोरासमोर बसून भरायचे, असं त्यांनी जाहीर केलं. सोमवारी कागद पुण्याला जायचे होते.

मी मात्र तो रविवार उजाडूच नये म्हणून देवाला हात जोडत होते. व्याह्यांनी आधीच पाठवून दिलेल्या फॉर्मच्या चौथ्या पानावर एक रकाना होता, पूर्वीच्या आजारांचा. आमच्या घरात असा एक आजार होता. तो फक्त आम्हा नवरा-बायकोला माहीत होता आणि तो लपवायची अक्कल माझी होती.

नऊ वर्षांपूर्वी लेकीची सोयरीक जमली. साखरपुडा झाला, पत्रिका छापायला गेल्या आणि लग्नाला दोन महिने उरले असताना ह्यांच्या छातीत दुखायला लागलं. नांदेडच्या डॉक्टरांनी हैदराबादला पाठवलं. तिथं हृदयाची एक नस बंद निघाली, स्टेंट बसवला, चार दिवसांनी घरी सोडलं. हे खाटेवर पडल्या पडल्या म्हणाले, गंगाखेडला कळवून टाकू, माणसं चांगली आहेत. मी म्हणाले, तोंडातून शब्द काढू नका. आमच्याकडे स्थळ बघताना घरात शुगर आहे का, कुणाला फिट येते का, आजोबा कशाने गेले, हे सगळं आडून आडून विचारतात. माझ्या एका चुलत बहिणीचं ठरलेलं लग्न बापाच्या आजारावरून मोडलेलं मी डोळ्यांनी पाहिलं होतं. मी शाळेत बाई होते, पोरींना खरं बोला म्हणून शिकवायचा पगार घेत होते. पण त्या भीतीपुढे मला दुसरं काही सुचलं नाही.

मग मी खोटं रचलं, आणि नुसतं रचलं नाही, चांगलं नटवलं. आम्ही तिरुपतीला गेलो होतो असं सांगायचं ठरलं. त्यासाठी हैदराबादला स्टेशनाजवळच्या न्हाव्याकडून ह्यांचं डोकं तासून घेतलं. मिठाईच्या दुकानातून दोन किलो बुंदीचे लाडू घेतले आणि परभणीत आल्यावर प्रसाद म्हणून वाटले. त्यातले पाच गंगाखेडला गेले. लाडू कपाळाला लावून आधी देवघरात ठेवला आणि मग घरात वाटला, असं विहीणबाईंनी मला फोनवर भक्तीने सांगितलं. लेक तेव्हा पुण्यात परीक्षेला बसली होती, तिलाही आम्ही हेच सांगितलं. लग्न धूमधडाक्यात झालं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण ही मूठ नऊ वर्षं आवळून माझी बोटं दुखायला लागली होती.

हे आपल्या गोळ्या त्रिफळाच्या डबीत ठेवतात. स्टेशनच्या पुलावर चढताना मधेच थांबतात आणि वाकून चपलेचा पट्टा चाचपत बसतात, बघणाऱ्याला वाटावं पट्टा सैल झाला. ग्रीसमधल्या ज्या बेटावर जायचं होतं त्याचे फोटो लेकीने पाठवले तेव्हा घरातल्या सगळ्यांनी पांढरी घरं आणि निळा समुद्र पाहिला. मला दिसल्या त्या बंदरापासून वर गावापर्यंत गेलेल्या पायऱ्या.

शुक्रवारी हे भाजी आणायला गेले तशी मी फॉर्मवरच्या विमा कंपनीच्या नंबरावर फोन लावला. नाव सांगितलं नाही. एका ओळखीच्या गृहस्थांना स्टेंट आहे, त्यांनी तो फॉर्ममध्ये लिहिला नाही तर काय होईल, एवढंच विचारलं. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, लिहिलं नाही आणि तिकडे हृदयाचं काही झालं, तर कंपनी पैसे देणार नाही. तिकडच्या दवाखान्याचं बिल मग कोण भरतं, म्हणून विचारलं. ती म्हणाली, घरचे. घरचे म्हणजे आमचा जावई. ज्यांच्यापासून लपवलं त्यांच्याच खिशाला हात घालायचा, तोही परक्या मुलुखात, आपला माणूस दवाखान्यात पडलेला असताना.

शनिवारी मी ह्यांना म्हणाले, उद्या खरं सांगू या. मला वाटलं होतं, त्यांच्या डोक्यावरचं ओझं उतरेल. नऊ वर्षांपूर्वी तेच तर सांगायला निघाले होते. पण हे मान हलवून नाही म्हणाले. इतकी वर्षं काही झालं नाही, दहा दिवसांत काय होणार आहे, असं त्यांचं म्हणणं. मी चिडले. जिवाशी खेळ आहे, तुम्हाला कळतंय का, म्हणून आवाज चढवला. तेव्हा हे शांतपणे म्हणाले, "मला सगळं कळतं. पण इवायांसमोर तू खाली मान घालून बसलेली मला बघवणार न्हाई." माझ्या खोट्यासाठी हा माणूस आता आपला जीव टांगणीला लावायला तयार होता आणि वर मलाच सांभाळत होता.

रविवारी जेवणं आटोपली. व्याह्यांनी सतरंजीवर बैठक मारली, चष्मा लावला आणि शंभर पानी वही उघडली. कंपनीच्या दोन पॉलिसींचे दोन रकाने त्यांनी पट्टीने आखले होते. बॅग हरवली तर काय, पासपोर्ट चोरीला गेला तर काय, विमान चुकलं तर काय, दाढ दुखली तर काय. तिकडे खिसेकापू लय हायेत म्हणे, असं सांगून त्यांनी सगळ्यांना खिशाला आतून चेन लावून घ्यायला बजावलं. विहीणबाईंनी विचारलं, बॅगेसोबत माझी कारळाची चटणी गेली तर तिचे पैसे मिळतील का. सगळे हसले. मीही हसले, पण नजर चौथ्या पानावर होती.

मग ते मुद्द्यावर आले. पहिली पॉलिसी स्वस्त होती, पण जुन्या आजारातून काही उद्भवलं तर एक पैसा नाही. दुसरी महाग होती, पण जुना आजार आधी सांगितलेला असेल आणि जिवावर बेतलं, तर तिकडच्या इलाजाचा खर्च देणारी. व्याह्यांनी दुसरीवर बोट ठेवलं. म्हणाले, आपल्या वयाला हीच बरी, आणि लपवायचं तरी काय हाय. हे त्यांनी सहज म्हटलं. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

प्रत्येक प्रश्न ते मोठ्याने वाचायचे आणि उत्तर बॉलपेनने ठळक लिहायचे. आधी स्वतःचा फॉर्म घेतला. शुगर, होय. बीपी, होय. मूळव्याधीचं ऑपरेशन, तेही होय, आणि वर सालासकट. विहीणबाईंचा थायरॉईड लिहिला, गुडघे लिहिले. माझं काहीच निघालं नाही, म्हणून माझं कौतुकही झालं. मी आत जाऊन पाणी प्यायले आणि परत येऊन बसले. आता ह्यांचा फॉर्म वर आला होता.

नाव झालं, पत्ता झाला, जन्मतारीख झाली. जन्मतारखेला एक जून लिहिताना व्याही हसले, कारण त्यांचीही एक जूनच होती. आमच्या पिढीत शाळेत नाव घालताना मास्तरांनी निम्म्या गावाला तीच तारीख लावून दिली होती. खोट्याची सुरुवात तिथूनच झाली म्हणायची, असा विनोद त्यांनी केला. मग पान उलटलं. शुगर, नाही. बीपी, नाही. दमा, नाही. हे खरं होतं.

"हृदयाचा आजार, बायपास, स्टेंट?" व्याह्यांनी वाचलं.

"नाही," हे म्हणाले. आवाज अगदी सरळ होता. नऊ वर्षांत मी त्यांना खोटं बोलायला किती छान शिकवलं होतं, ते मला त्या एका शब्दात ऐकू आलं. पेन कागदावर टेकलं. 'ना' लिहून झाला.

"थांबा," मी म्हणाले. "होय लिहा."

पेन थांबलं. हे हळूच म्हणाले, राहू दे. मी म्हणाले, नाही राहू द्यायचं. मग मी सगळं सांगितलं. छातीतलं दुखणं सांगितलं, हैदराबाद सांगितलं, तासलेलं डोकं सांगितलं. ह्यांनी कळवू म्हटलं होतं आणि मीच अडवलं, तेही सांगितलं. लाडू मिठाईच्या दुकानातले होते, हेही सांगितलं. विहीणबाईंनी विचारलं, म्हणजे तो प्रसाद नव्हता का. मी मान हलवली. त्यांनी पदर तोंडाला लावला. आम्ही देवापुढे ठेवला होता हो तो, एवढंच त्या पुटपुटल्या. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

व्याही उठले. मला वाटलं, आता चप्पल घालून निघणार. पण ते समोरच्या भिंतीपाशी गेले. तिथं लेकीच्या लग्नातला एक मोठा फोटो आहे, व्याहीभेटीचा. दोन्ही बापांनी गळाभेट घ्यायची आणि एकमेकांना उचलायचं, मांडवात तेवढीच थट्टा. फोटोत ह्यांनी व्याह्यांना कमरेला मिठी मारून जमिनीपासून हातभर वर उचललंय. दोघांचे फेटे कलले आहेत आणि व्याह्यांचा एक बूट पायातून निसटतोय. मागे उभी राहून मी हसत टाळ्या वाजवतेय. नऊ वर्षं तो फोटो मी दर दिवाळीला पुसत आले.

"ह्या वक्ताला किती दिवस झाले होते ऑपरेशनला?" त्यांनी भिंतीकडे तोंड करूनच विचारलं.

"बावन्न," मी म्हणाले. मला तो आकडा पाठ होता, ह्याचंच मला नवल वाटलं.

"मी नव्वद किलोचा होतो." ते वळले. त्यांचे डोळे भरले होते आणि चेहरा रागाने लाल झाला होता. "मीच म्हणालो होतो ह्यांना, उचला की इवाई, का दम न्हाई? आमाला सांगितलं न्हाई ते जाऊ द्या, विहीणबाई. पण मी हे म्हणायलो अन् तुमी टाळ्या वाजवायल्या होत्या."

मला ते एरवी ताई म्हणतात.

मला वाटलं होतं, ते म्हणतील तुम्ही आम्हाला फसवलं. त्याचं उत्तर मी नऊ वर्षं तयार ठेवलं होतं. मुलीची आई काय करणार, वगैरे. हे मात्र मला कधी सुचलंच नव्हतं. लग्न मोडेल ह्या भीतीने मी जे केलं, त्यात माणूस मोडला असता, मांडवात, माझ्या समोर. मी तो क्षण आठवायचा प्रयत्न केला. फोटो काढणाऱ्याला मी आणखी एकदा घ्या म्हणून ओरडले होते, एवढं आठवलं.

व्याही परत सतरंजीवर बसले. 'ना' वर आडवी रेघ मारली, शेजारी 'होय' लिहिलं आणि खाली ह्यांची सही घेतली. मग गोळ्यांची नावं विचारली. हे आत गेले आणि त्रिफळाची डबी आणून त्यांच्यापुढे ठेवली. व्याह्यांनी पट्ट्या बाहेर काढल्या आणि प्रत्येकीवरचं नाव एकेक अक्षर बघून उतरवून घेतलं. नाव वाचता येईना तिथं ह्यांना विचारत होते. माझ्याशी बोलले नाहीत. मी चहा पुढे केला, तो त्यांनी घेतला आणि अर्धा कपात ठेवला. लेकीला ह्यांनीच फोन केला. ती आधी रडली आणि मग म्हणाली, आईला दे. तिच्याशी काय बोलणं झालं ते मी इथं लिहीत नाही.

संध्याकाळी त्यांना गाडीत बसवायला आम्ही दोघं स्टेशनवर गेलो. गाडी पलीकडच्या फलाटावर लागणार होती, म्हणजे पूल चढणं आलं. विहीणबाई आणि मी मागे होतो, दोघींच्या मधे रिकामा डबा होता. पुढे हे दोघं चढत होते. निम्म्या पायऱ्यांवर ह्यांचा वेग कमी झाला. हे आता चपलेकडे वाकणार, म्हणून मी बघत राहिले. त्याआधीच व्याही थांबले. खाली वाकले आणि आपल्या बुटाशी काहीतरी करत बसले. गाडीची घोषणा झाली तरी घाई केली नाही. हे शेजारी कठडा धरून उभे राहिले आणि दम खाऊन झाल्यावर म्हणाले, चला. मग व्याही उठले.

त्यांच्या बुटाला ना नाडी होती, ना पट्टा.