इवायाची कयाक आणि डोमाजीचं जाळं

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण सांगता सांगता माझं डोकं पुन्हा तापणार आहे. वैनगंगेकाठी जन्मलेल्या माणसानं वैनगंगेतच, तेही संथ पाण्यात, तेही नव्या इवायासमोर जी माती खाल्ली, ती ऐका. इवाई म्हणजे व्याही हो! पण आमचा इवाई पुण्याचा. राग इथूनच सुरू होतो.

हा माणूस सुट्टी मिळाली की हिमालयात जातो आणि खडकांतून फेसाळत धावणाऱ्या नद्यांत रबरी तराफ्यावर बसून स्वतःला आपटून घेतो. वरून पैसे देतो! आमच्याकडे पुरात वाहून चाललेल्या माणसाला लोक दोर टाकतात. याला तिकडं लोक पाण्यात ढकलून देतात, आणि हा आभार मानतो.

साक्षगंधाच्या, म्हणजे साखरपुड्याच्या, आधी आमच्या पल्लवीनं माझ्यासमोर हात जोडले होते. "बाबा, त्या लोकांसमोर तुमच्या गोठी नोका सांगू ना जी!"

"मी कायले सांगू?" मी म्हटलं.

पण जेवताना नदीचा विषय इवायानंच काढला. आता दोष कुणाचा? मी एवढंच म्हणालो की तरुणपणी भर पुरात दाराच्या फळीवर बसून वैनगंगा पार केली होती. तिथंच थांबणार होतो. पण त्याचे डोळे इतके मोठे झाले, की मला मध्ये एक मगर टाकावी लागली. मगरीनं मागून धक्का मारला म्हणून वेळेवर पोहोचलो, असं.

आमच्या गावात यावर लोक काय म्हणतात? "हाव ना भाऊ, अन् मगरीनं तिकीट किती घेतलं?" विषय संपला. या भल्या माणसानं विश्वास ठेवला! उभ्या जन्मात कुणी ठेवला नव्हता. माणसानं असा दगा द्यावा?

दिवाळीनंतर तो लग्नाचं ठरवायला आला, तो गाडीच्या टपावर दोन कयाक बांधूनच. कयाक म्हणजे एकट्या माणसाची नाव. केळीच्या सालीत माणूस खोचावा, तसं बसायचं.

"तुमच्यासारखा नदीचा जाणकार भेटल्यावर सोडतो का मी?" तो म्हणाला.

आमच्या कारध्याला काठावर अर्धा गाव जमला. इवायानं पाण्याकडे पाहून नाक मुरडलं. "व्याहीबुवा, हे अगदीच संथ आहे हो. तुम्हाला कंटाळा येईल."

"येऊ द्या," मी दात खात म्हटलं.

त्यानं नदीच्या मधोमध एक नारिंगी फुगा सोडला. त्याला वळसा घालून जो आधी परत येईल, तो जिंकला. तेवढ्यात आमच्या हिनं सगळ्यांदेखत जाहीर केलं, "हे हरले, तर पोरीच्या लग्नात एक गोठ सांगणार नाहीत. तोंड शिवून बसतील!"

पल्लवीनं टाळ्या वाजवल्या. पोटच्या पोरीनं! अख्खा तालुका लग्नाला येणार, आणि मी गप्प बसू? त्यापेक्षा मला नदीतच राहू द्या ना!

निघालो. नाव सरळ जाईल तर शपथ! एकदा तोंड कारध्याकडे, एकदा पलीकडच्या भंडाऱ्याकडे. इवाई भुर्रकन पुढं निघून गेला, वरून मागं वळून हसला. संतापानं माझ्या डोळ्यांपुढं लाल दिसायला लागलं. आणि तेवढ्यात पाण्यावर पांढरं दिसलं. थर्माकोलच्या तुकड्यांची लांबलचक रांग, थेट फुग्याकडे जाणारी. म्हटलं, वा! पुण्याचा माणूस, रस्ता आखून ठेवलाय. आणि स्वतः मात्र बाजूनं गेला, मूर्ख! मी नाव त्या रांगेवर घातली.

काठावर डोमाजी होता, मासे धरणारा. तो ओरडायला लागला, "भाऊ, तिकडं नोका जाऊ जी! मांगं फिरा, मांगं!"

मी काय समजलो? हा फितूर झाला! ज्याच्याकडून दर रविवारी मासे घेतो, तो पुण्याच्या बाजूनं? "गप बे!" मी वल्हं उगारून ओरडलो आणि दुप्पट जोर लावला.

जितका जोर लावावा तितकी नाव जड. वल्हं खाली गेलं की वर येईना. पुलावरची माणसं हात हलवून राहिली होती. मला वाटलं, चला, कुणीतरी आपल्या बाजूचं आहे! मीही एक हात हलवला.

आता थर्माकोलचे तुकडे नदीत कशाला असतात, हे कारध्याच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. जाळ्याला बांधलेले असतात! खाली डोमाजीचं जाळं, वर मी, आणि शेवया गुंडाळाव्या तसं ते अख्खं जाळं मी वल्ह्याला गुंडाळून घेतलेलं. शेवटचा हिसका मारला आणि नाव पालथी!

लाइफ जॅकेटनं बुडू दिलं नाही, जाळ्यानं हलू दिलं नाही. डोमाजीनं चार माणसं गोळा करून जाळ्याचा दोर काठावरून ओढायला घेतला. मी इवायाला, नावेला, थर्माकोलला शिव्या देत देत काठाकडे येऊन राहिलो होतो.

काठावर डोमाजीची बायको फुलाबाई टोपली घेऊन उभी. "काय सापडलं जी?"

"एक मोठा हाय," डोमाजी धापा टाकत म्हणाला, "पण खायच्या कामाचा नाई."

"मंग सोडून द्या ना पाण्यात!"

इवाई धावत आला. "व्याहीबुवा, लागलं नाही ना? काय झालं? मगर होती का?"

मनापासून विचारत होता हो! तो चिडवत असता, तर मी निदान भांडलो तरी असतो.

लग्नात मी तोंड शिवून बसलो. शब्द म्हणजे शब्द. पंगत बसली आणि इवायानं माईक घेतला. काय सांगायला? हाच किस्सा! आणि सांगितला कसा? जसा घडला तसा! "पाणी संथ होतं. जाळ्यात सहा मासे होते. दहा मिनिटांत सगळं आटोपलं." दहा मिनिटं? सहा मासे? अरे, काय सांगून राहिला हा माणूस! पंगतीत एक जण जांभई देऊन राहिला, दुसऱ्यानं मध्येच मठ्ठा मागितला.

मी उठायला गेलो. हिनं मागून येऊन ताटात बुंदी वाढली आणि ओठांवर बोट ठेवलं. बसलो. पण आतून जो पेटलो ना, तो अजून विझलो नाही. अहो, स्वतःची अब्रू नदीत बुडवून असला किस्सा कमावून दिला मी त्याला, आणि त्या माणसानं त्यात साधी एक मगर टाकली नाही!